ठाण्याची फाईल, साताऱ्याची गाडी

प्रकल्प: स्कोडा ऑक्टाव्हिया १.८ टीएसआय, २०१८ ची, सात गिअरची डीएसजी (स्वतः गिअर बदलणारा दोन क्लचचा गिअरबॉक्स).
काम: दुसऱ्या गाडीसाठी बनवलेली ट्यून फाईल (जास्त जोरासाठी बदललेलं इंजिनच्या संगणकाचं सॉफ्टवेअर) काढून गाडी मूळ सॉफ्टवेअरवर आणणं आणि मधल्या काळात इंजिन-गिअरबॉक्सचं काय झालं ते मोजणं.

९ सप्टेंबर २०२५

विसर्जन आटोपून गॅरेज पुन्हा मार्गी लागलं आणि पहिलीच गाडी साताऱ्याहून आली. तक्रारी तीन. घाटात चढताना मिसिंग करते. तिसऱ्या गिअरमध्ये जोरात दाबलं की आरपीएमचा काटा वर पळतो पण गाडी तितकी पळत नाही. आणि ईपीसीचा, म्हणजे इंजिनच्या इलेक्ट्रॉनिक्समधल्या बिघाडाचा, दिवा अधूनमधून लागतो, बंद करून चालू केली की जातो.

इतिहास विचारल्यावर कळलं की मे महिन्यात रिमॅप झालाय, म्हणजे इंजिनच्या संगणकात नवी फाईल टाकलीय. मालकांच्या मित्राकडे ठाण्यात हीच गाडी, हेच इंजिन, रंगसुद्धा हाच. मित्राने दीड-दोन वर्षं खर्च करून आपली गाडी नीट ट्यून करून घेतली होती. त्याची फाईल पेन ड्राइव्हवर आली आणि एका ओळखीच्या माणसाने ती या गाडीत टाकून दिली.

"भाऊ, गाडी सेम, इंजिन सेम. मग फाईल वेगळी कशाला करायची? त्याची तर मस्त पळतीय."

या वाक्याचं उत्तर देण्यातच पुढचा महिना जाणार आहे, म्हणून ते इथे लिहून ठेवतो. मूळ फाईल कोणी वाचून ठेवली का? नाही.

१० सप्टेंबर

स्कॅनर लावला. मिसफायरचे कोड दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरचे. बूस्ट, म्हणजे टर्बोने कोंबलेल्या हवेचा दाब, मागितलेल्यापेक्षा कमी मिळाल्याचा एक कोड. गिअरबॉक्सकडे कोड नाही, पण तापमानाच्या नोंदी पाहून मला बरं वाटलं नाही. त्याकडे नंतर येतो.

इग्निशन चालू, इंजिन बंद ठेवून बूस्ट सेन्सरचा आकडा वातावरणाच्या दाबाशी ताडून पाहिला. जुळला. म्हणजे मित्राने मोठ्या मापाचा सेन्सर बसवून फाईलमध्ये त्याचं गणित बदललेलं नाही. एक भीती कमी झाली.

ईसीयूमधली (इंजिनच्या संगणकातली) फाईल वाचून घेतली आणि विनओएलएस या फाईल तपासायच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून याच भाग क्रमांकाच्या मूळ सॉफ्टवेअरशी ताडली. सॉफ्टवेअरची आवृत्तीसुद्धा मित्राच्या गाडीची आहे, कारण टाकणाऱ्याने सगळंच्या सगळं ओतलंय. इमोबिलायझर आणि चासी नंबर वेगळ्या ठिकाणी राहतात, त्यामुळे गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. सुरू झाली म्हणजे जमलं, असं सगळ्यांनी धरलं. सुरू झालीच नसती तर हे चार महिने वाचले असते.

फाईल मात्र वाईट नाही, हे मुद्दाम लिहितो. कोणीतरी मन लावून केलेलं काम आहे. टायमिंगचे, म्हणजे ठिणगी कधी पाडायची त्याचे, तक्ते गुळगुळीत आहेत, उगाच शेवटच्या टोकाला नेलेले आकडे नाहीत. ज्याच्यासाठी केली त्या गाडीवर ती छान चालत असणार.

संध्याकाळी मित्राला फोन लावला. माणूस मोकळा, सगळं सांगितलं. डाउनपाइप (टर्बोनंतरचा एक्झॉस्टचा पाइप) बदललाय, त्यात कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा कॅट) नाही. टर्बोची तापलेली हवा थंड करणारा इंटरकूलर मोठा. प्लग एक पायरी थंड (उष्णता लवकर बाहेर सोडणारे), गॅपही कमी. टाकीत कायम एक्सपी १००, म्हणजे १०० ऑक्टेनचं पेट्रोल. गिअरबॉक्सची फाईल वेगळी, ती दुसऱ्या दिवशी टाकून घेतली होती.

"ती पण पाठवली होतीस का?"

"नाही, त्याने फक्त इंजिनची मागितली होती."

साताऱ्याच्या गाडीत यातलं काहीही नाही. डाउनपाइप कंपनीचा, इंटरकूलर कंपनीचा, प्लग कंपनीचे आणि बरेच चाललेले. टाकीत हायवेच्या पंपावरचं साधं ई-२०, वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं. आमचा फिटर हे सगळं ऐकत होता. म्हणाला, "म्हणजे शेजारणीच्या मापाचं ब्लाउज." एवढं बोलून तो नट शोधायला गेला.

११ सप्टेंबर

लॉग ड्राइव्ह. मी चालवली, पोरगा लॅपटॉप घेऊन शेजारी. नोंदवलं ते: चारही सिलिंडरचं टायमिंग किती मागे ओढलं जातंय, बूस्ट मागितलेलं आणि मिळालेलं, लॅम्डा (हवा-पेट्रोलचं प्रमाण), हाय प्रेशर रेलचा (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीचा) दाब, आत येणाऱ्या हवेचं तापमान.

पहिल्या जोराच्या ओढीतच चित्र दिसलं. दुसऱ्या सिलिंडरला ईसीयू साडेनऊ अंश मागे ओढतोय, तिसऱ्याला आठ. पहिला आणि चौथा चार-पाचच्या आसपास. गरम दिवशी दोन-तीन अंश इकडेतिकडे झाले तर मी मान वर करत नाही. साडेनऊ म्हणजे इंजिन ओरडून सांगतंय.

काय होतंय ते मालकांसाठी सोप्या शब्दांत लिहून ठेवतो, त्यांनी नोंदी मागितल्यात. टर्बोने कोंबलेली हवा आणि पेट्रोल सिलिंडरमध्ये दाबलं जातं, प्लग ठिणगी देतो, ज्योत एका बाजूने पसरत जाते. कोपऱ्यात उरलेलं मिश्रण ज्योत पोचायच्या आधी उष्णतेने आपोआप पेटलं की दाबाची लाट पिस्टनवर आदळते. हाच नॉक. पेट्रोल त्याला किती दाद देत नाही त्याचं माप म्हणजे ऑक्टेन. ही फाईल १०० ऑक्टेन गृहीत धरून ठिणगी लवकर देते. आपल्याकडच्या ई-२० ला मानकानुसार किमान ९५. एक्सपी १०० डिसेंबर २०२० मध्ये ज्या दहा शहरांत आधी आलं त्यांत मुंबई-पुणे होती. मालकांच्या रोजच्या रस्त्यावर ते नाही, आणि असतं तरी त्या भावाने रोज कोण भरणार?

"पण सेन्सर ऐकतो ना? मग तो सांभाळून घेईल." हे मला दर महिन्याला कोणीतरी सांगतं. नॉक सेन्सर झालेला नॉक ऐकतो. म्हणजे फटका बसल्यावर पुढच्या ठिणगीला मागे ओढतो. प्रत्येक ओढीत पुन्हा पुढे सरकून पाहतो, पुन्हा फटका. मूळ फाईलमध्ये ही सोय वाईट पेट्रोल मिळालं तर म्हणून ठेवलेली असते. इथे ती रोजची हजेरी झालीय. शिवाय ठिणगी उशिरा पडली की जळणं उशिरा संपतं आणि उरलेली उष्णता एक्झॉस्टमध्ये जाते. टर्बो आणि कॅट दोघेही त्यात भाजतात. ठाण्याच्या गाडीत कॅटच नाही, म्हणून या फाईलमध्ये एक्झॉस्ट थंड ठेवण्यासाठी जादा पेट्रोल देण्याची मर्यादा सैल केलेली आहे. तिथे चाललं. इथे कॅट जागेवर आहे.

रेलचा दाब पाच हजार आरपीएमच्या वर मागणीपेक्षा खाली घसरतोय. इथेही पेट्रोलच. शुद्ध पेट्रोलला एक किलो जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला ९ च. ई-२० चा हिशेब साडेतेराच्या आसपास येतो. म्हणजे तेवढ्याच हवेला जवळजवळ नऊ टक्के जास्त इंधन ढकलायचं. कंपनीच्या बूस्टवर पंपाकडे तेवढी गुंजाइश असते. या बूस्टवर ती संपलीय.

१२ सप्टेंबर

प्लग काढले. दुसऱ्याच्या पोर्सेलिनवर बारीक चमकते कण. मिरपूड भुरभुरल्यासारखे काळे ठिपके असते तर तीसुद्धा नॉकचीच खूण, पण सुरुवातीची. चमकते कण म्हणजे पिस्टनचं ॲल्युमिनियम. बोरोस्कोपने (प्लगच्या भोकातून आत जाणाऱ्या बारीक कॅमेऱ्याने) पाहिलं: दुसऱ्या पिस्टनची कड एका बाजूला खडबडीत झालीय, भोक नाही, तडा दिसत नाही. फोटो काढून मालकांना पाठवले. उत्तरात फक्त एक "बापरे" आला.

१५ सप्टेंबर

मालक गाडी कशी चालवतात ते विचारायला तासभर फोनवर होतो. हा भाग डायनोवर (गाडी जागेवर ठेवून जोर मोजायच्या यंत्रावर) कधीच कळत नाही.

ठाण्याचा मित्र एकटा चालवतो, गिअर स्वतः पाडतो, इंजिन तीन हजारांच्या वर ठेवतो. साताऱ्याचे मालक घरच्यांना घेऊन, एसी लावून, डी मध्ये टाकून यवतेश्वरच्या घाटाने कासला जातात. सप्टेंबरात पाहुणे आले की आठवड्याला एक फेरी ठरलेली. डी मध्ये डीएसजी मायलेजसाठी वरचा गिअर धरून ठेवते. म्हणजे चढ, पाच माणसं, आरपीएम अठराशे-दोन हजार, आणि पाय अर्ध्याहून खाली. टर्बो-डायरेक्ट इंजेक्शन इंजिनाला याहून वाईट जागा नाही. कमी वेगावर जास्त भार असला की कधीकधी मिश्रण ठिणगीच्या कितीतरी आधीच पेटतं. तिथे टायमिंग मागे ओढून उपयोग नाही, कारण ठिणगीचा संबंधच येत नाही. पिस्टनची रिंग बसते ती कड यात तुटते. तेलांच्या दर्जातसुद्धा याची दखल घ्यावी लागली: २०१८ चा एसएन प्लस आणि २०२० चा एसपी या दर्जांमध्ये त्यासाठीची चाचणी आली.

कंपनीने अठराशे आरपीएमवर जेवढा जोर दिला होता त्याच्या दीडपटीच्या जवळ ही फाईल मागते. मित्र तिथे कधी जातच नाही. ट्यून करणाऱ्याने त्याचे लॉग पाहूनच फाईल घडवली असणार, आणि त्या लॉगमध्ये अठराशेचा चढ नव्हता.

उंचीचा हिशेब त्याच कागदावर केला. फाईल शिखरावर २.४ बार निरपेक्ष दाब (बाहेरच्या हवेचा दाब धरून) मागते. ठाण्यात समुद्रसपाटीजवळ बाहेर १.०१ बार असतो, म्हणजे टर्बोला दाब २.३८ पट करायचा. कास १२०० मीटरच्या आसपास, तिथे बाहेर ०.८८ बार. तेच २.४ गाठायला २.७३ पट. चाक तेवढं जास्त फिरवावं लागतं, हवा जास्त तापते, आणि तापलेली हवा पुन्हा नॉककडे नेते. मूळ फाईलमध्ये हवा विरळ झाली की मागणी खाली आणणारा तक्ता असतो. ठाण्याच्या फाईलमध्ये तो वर उचलून सपाट केलाय. समुद्राकाठी ती मर्यादा कधी लागलीच नसती, म्हणून तिथे कोणाला फरक जाणवला नाही. बूस्ट कमी मिळाल्याचा तो एकुलता कोड घाटातलाच असणार.

१८ सप्टेंबर

आज गिअरबॉक्स. माझ्या मते सगळ्यात मोठं नुकसान इथेच झालंय, आणि याबद्दल लोक सगळ्यात कमी बोलतात.

भारतात आलेल्या १.८ ऑक्टाव्हियात डीक्यू २०० गिअरबॉक्स आहे. दोन कोरडे क्लच, एक १-३-५-७ साठी, दुसरा २-४-६ आणि रिव्हर्ससाठी. त्याची क्षमता २५० न्यूटन-मीटर. या इंजिनचा कागदावरचा टॉर्क किती? तोही २५०. हा योगायोग नव्हे. इंजिनात याहून जास्त आहे हे कंपनीला माहीत होतं. परदेशातल्या फोर बाय फोर ऑक्टाव्हियात याच १.८ ला २८० दिले, पण त्यासोबत सहा गिअरची, तेलात चालणाऱ्या क्लचची डीएसजी दिली. आपल्याकडे २०१७ ला आलेल्या ऑक्टाव्हिया व्हीआरएसमध्ये ३५० न्यूटन-मीटर होते, तिथेही क्लच तेलातलेच. म्हणजे १.८ वर २५० चं कुलूप इंजिनसाठी लावलेलंच नाही, क्लचसाठी लावलंय.

आता फाईल काय करते ते पाहा. इंजिनचा ईसीयू क्षणाक्षणाला गिअरबॉक्सच्या संगणकाला सांगत असतो की मी एवढा टॉर्क देतोय. गिअरबॉक्स त्यावरून क्लच किती दाबून धरायचा ते ठरवतो. ट्यून करणारे बरेचदा हा सांगायचा आकडा मुद्दाम कमी ठेवतात, नाहीतर गिअरबॉक्स मध्ये पडून जोर कापतो. ठाण्याच्या गाडीत ते चालून गेलं, कारण तिथे गिअरबॉक्सच्या फाईलमध्ये क्लचचा दाब त्या हिशेबाने वाढवून ठेवलाय. दोन फाईलींनी आपसात ठरवून घेतलेला व्यवहार आहे तो. साताऱ्याला त्यातली एकच आली. गिअरबॉक्सला सांगितलं जातंय २५०, तो २५० च्या मापाने क्लच धरतोय, आणि लॉगवरच्या हवेच्या हिशेबाने माझा अंदाज ३३० च्या पुढचा आहे. मग क्लच घसरणारच. तिसऱ्या गिअरमध्ये काटा एकटाच वर पळत होता तो यामुळे.

घसरण जास्त विषम गिअरमध्ये, म्हणजे पहिला क्लच. चाचणीत त्याचा स्पर्शबिंदू (क्लच पकडायला लागतो ती जागा) बराच सरकलाय. घर्षणपट्टी चकाकली असेल असा अंदाज, उघडल्याशिवाय खात्री देत नाही.

१९ सप्टेंबर

कॅट तपासला. फाईलमध्ये मागच्या ऑक्सिजन सेन्सरची देखरेख बंद केलेली आहे. ठाण्यात कॅट नाही, तिथे दिवा सारखा लागला असता. इथे मात्र कॅट मेला असता तरी दिवा लागला नसता. सुदैवाने जिवंत आहे, थोडा दमलाय. पीयूसीला अडचण येऊ नये.

२३ सप्टेंबर

मूळ सॉफ्टवेअर टाकलं. याच भाग क्रमांकाचं, कंपनीच्या आवृत्तीचं. नवे प्लग, नवं तेल, चारही कॉइल एकमेकांत बदलून तपासल्या, कॉइल ठीक. गिअरबॉक्सचं ॲडॉप्टेशन पुसून पुन्हा शिकवलं. पहिल्या क्लचने शिकायला दोनदा नकार दिला, मग घेतलं.

२६ सप्टेंबर

मूळ फाईलवर लॉग. दुसरा सिलिंडर अडीच अंशांपर्यंत मागे जातो, बाकीचे त्याहून कमी. रेलचा दाब मागणीला चिकटून. मिसिंग नाही. ई-२० च होतं टाकीत, मुद्दाम तेच ठेवलं.

दुपारी ठाण्याचा मित्र स्वतः गाडी घेऊन आला. साताऱ्याचे फोटो पाहून घाबरला होता. त्याचीही गाडी लॉगला लावली. आणि इथे गंमत झाली. त्याच्या गाडीवरही दुसरा-तिसरा सिलिंडर सहा-सात अंश मागे. कारण विचारता विचारता निघालं: गेल्या आठवड्यात कोकणात गेला होता, तिथे १०० ऑक्टेन मिळालं नाही, ई-२० भरलं. मध्यंतरी इंटरकूलरचा पाइप फुटला म्हणून तात्पुरता कंपनीचाच इंटरकूलर परत बसवलाय. ट्यून झाली त्या दिवशीची गाडी आता त्याच्याकडेही नाही. फाईल तीच राहिली, भोवतालची गाडी बदलली. त्याला सांगितलं, पेट्रोल आणि इंटरकूलर जागेवर येईपर्यंत पाय हलका ठेव, आणि बदल झाला की ज्याने ट्यून केलं त्याच्याकडे पुन्हा लॉग घेऊन जा. ट्यून करणारा चांगला आहे, त्याला सोडू नकोस.

मालक आणि मित्र चहाला बाहेर गेले. भांडण झालं नाही एवढं नक्की.

१ ऑक्टोबर

खंडेनवमी. पान्यांबरोबर स्कॅनर आणि लॅपटॉपलाही हळदकुंकू. काम बंद.

६ ऑक्टोबर

लीकडाउन चाचणी, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा भरून ती कुठून किती गळते ते पाहणं. पहिला, तिसरा, चौथा एकसारखे. दुसरा त्यांच्यापेक्षा वाईट, हवा तेलाच्या बाजूला जाते, म्हणजे रिंगकडे. इंजिन उघडावं इतकं नाही. दोन-तीन हजार किलोमीटरने तेल किती पितं ते पाहून ठरवू.

मालकांनी विचारलं, मग आमच्या गाडीची स्वतःची फाईल करून द्या, पैसे देतो. आमचं मुख्य काम ट्रॅकच्या आणि रॅलीच्या गाड्यांचं. रस्त्यावरच्या गाडीला हात लावताना कागद समोर ठेवावे लागतात. मोटर वाहन कायद्याचं कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी न जुळणारे बदल करू देत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२ए(४) खाली मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. विमा कंपनीला न कळवलेला बदल दाव्याच्या वेळी निघाला तर भांडण वेगळं. हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. मित्राने फाईल दिली, पण अपघात झाला असता तर मित्राचं नाव कुठेच आलं नसतं.

कायदा बाजूला ठेवला तरी माझं उत्तर तेच: कोरड्या क्लचवर, ई-२० वर आणि कासच्या चढावर या इंजिनात सुरक्षितपणे वाढवण्यासारखं फार थोडं उरतं. त्या थोड्यासाठी मी फाईल करणार नाही. घाटात गाडी सुस्त वाटत असेल तर डी ऐवजी एस (स्पोर्ट) मध्ये टाका, इंजिन अडीच हजारांच्या वर राहील. याला पैसे लागत नाहीत. त्यांचा चेहरा थोडा पडला, ते मान्य आहे.

१४ ऑक्टोबर

गाडी दिली. बिलावर लिहिलेलं: ईसीयू मूळ सॉफ्टवेअरवर, सॉफ्टवेअरचा क्रमांक आणि पडताळणी क्रमांक छापून सोबत जोडला. जुनी फाईल मालकांनी मागितली नाही, मीही दिली नाही. मूळ सॉफ्टवेअरची आणि आजच्या लॉगची प्रत पेन ड्राइव्हवर दिलीय, तीच ठाण्याच्या पेन ड्राइव्हवर, जुनं पुसून.

क्लचचा संच मागवलाय, दिवाळीनंतर मिळेल. खर्च सहा आकडी, मालकांना लेखी अंदाज दिलाय आणि त्यांनी होकार कळवलाय. तोवर तिसऱ्या-पाचव्या गिअरमध्ये पूर्ण दाबून ओव्हरटेक करायचं नाही, काटा एकटा पळताना दिसला की पाय काढायचा. तेलाची पातळी दर पाचशे किलोमीटरला डिपस्टिकवर पाहून फोटो पाठवायचा. पहिला फोटो खंबाटकी उतरल्यावरच आला, पातळी पूर्ण.